खवले चिकटवलेला माणूस नको : मगरमाणसांची जमात रचतोय, मदत करा

कृष्णाकाठी_फासे (सांगली) | शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

विश्रामबागेत आमच्या गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी सहा जण जमतो. डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट खेळायचा खेळ) सांगाडा, जग मात्र घरचं, आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. गेल्या वर्षी मोठ्या हौसेनं सरडेमाणसं आणली होती. हिरवी कातडी, हातात भाले, राहायला दलदल, बोलताना प्रत्येक वाक्यात 'स्स्स'. तिसऱ्या सेशनला एक खेळाडू भडंग चघळत म्हणाला, "ह्यांच्या जागी साधे दरोडेखोर ठेवले असतेस तरी काय बिघडलं असतं?" झोंबलं, पण उत्तर सुचलं नाही. त्यांच्या अंगावर खवले होते एवढंच. घर माणसाचं, नाती माणसाची, भीतीही माणसाचीच.

यंदा उलटीकडून सुरुवात करतोय. आधी अंग, मग गाव. आणि अंग शोधायला लांब कशाला जायचं? भिलवडी, औदुंबर, डिग्रज, हरिपूर, कुठल्याही घाटावर विचारा, कुणीतरी मगर पाहिलेला भेटतोच. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५ आहे), त्यानंतरचे कित्येक दिवस लोक शेतात पाय टाकताना आधी काठी आपटत होते.

तर जमातीचं नाव ठेवलंय 'डोहकर'. आपल्या आडनावांसारखं वाटतं म्हणून. आत्तापर्यंत जमलेलं सांगतो:

अंगात स्वतःची उष्णता नाही, ती उन्हातून घ्यायची. म्हणून प्रत्येक कॅरेक्टरला 'उबेचे गुण', शून्य ते सहा. सकाळी घाटावर पडून ते भरायचे, रात्री आणि पाण्यात तासाला एक उतरणार. शून्य झाले की हालचाल अर्धी.

अंडी वाळूच्या खळग्यात. घरटं जितकं गरम तितके नर जास्त. त्यामुळे खळगा राखणाऱ्या बाईच्या हातात गावाचं भविष्य.

आणि अंडी ठेवायला हरिपुरातल्या हळदीच्या पेवांसारखी जमिनीखालची कोठारं. हे मला फारच आवडलंय, कृपया मोडू नका.

आता फोडा.

---

वीसचा_फासा | रविवार, सकाळी ८:१०

उबेचे गुण मोजण्यात अर्धा रविवार जाईल. बाण मोजायचा कंटाळा येतो तिथं दर तासाला ऊब कोण लिहून ठेवणार? तीनच अवस्था ठेव. गार, कोमट, गरम. गार असताना पुढाकाराचा (आधी कोण वार करणार याचा) फासा दोनदा टाकून कमी येईल तो घ्यायचा, कोमट असताना नेहमीसारखं, गरम असताना पहिल्या फेरीला एक जादा झेप. अवस्था बदलायची ती फक्त प्रसंग बदलल्यावर. झालं.

दुसरं. पुस्तकातल्या पाचव्या आवृत्तीच्या सरडेमाणसाला १५ मिनिटं श्वास रोखता येतो, चाव्याच्या इजेला एक सहा बाजूंचा फासा मिळतो. चावा ठीक आहे, पण श्वास? निवांत पडलेली मगर तासभर पाण्याखाली काढते. तिथं एवढा कंजूषपणा कशाला?

---

गुळव्या (कराडकडचा) | रविवार, सकाळी ९:३४

लई भारी इशय काढलाय राव.

ऊन सोडून दुसरी ऊब बी असती की. आमच्याकडं गुऱ्हाळ लागलं की थंडीत पहाटं चुलवाणापाशी कोण नसतं? कुत्री, पोरं, म्हातारी, सगळी तिथंच. तुमच्या डोहकरांचं गाव घाटावर नको, गुऱ्हाळाभवती बसवा. मधी काहील, भवती घरं. चुलवाण इझलं की अख्खं गाव लुळं. शत्रूला तलवार कशाला लागती, चिपाडं, म्हंजे चुलवाणातलं जळण, भिजवली की खेळ खल्लास.

आन गुळव्याला तिथं सरपंचापेक्षा मान असंल. (हे मी माझ्यासाठी म्हणत न्हाई.)

---

कृष्णाकाठी_फासे | रविवार, सकाळी ९:५०

चिपाडं भिजवणं!! हे कॅम्पेनचं पहिलंच संकट. चोरलं.

---

बेडकाचं_डिसेक्शन (मिरज) | रविवार, दुपारी १:१५

प्राणीशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे थोडं खोडरबर चालवते. रागावू नका.

आधी अंड्यांचं. "गरम तितके नर" हे आपल्या मगरीला लागू नाही. मद्रास क्रोकोडाइल बँकेतल्या मगरींवरचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. २८ ते ३१ अंशांत उबवलेल्या अंड्यांतून सगळ्या माद्या निघाल्या. ३२.५ अंशांच्या आसपास नर. त्याच्या जरा खाली किंवा जरा वर गेलं की मिश्र. म्हणजे नर हा एका अरुंद पट्ट्यात सापडतो, नेम धरल्यासारखा. तुमच्या गोष्टीसाठी हे जास्त चांगलं नाही का? खळगा राखणारीचं कसब अर्ध्या अंशाचं आहे. वाळू किती खोल उकरायची, सावली कधी धरायची, पाणी कधी शिंपडायचं.

शिवाय बाप कामाचा असतो. पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात, मग आई खळगा उकरते आणि पिल्लं तोंडात धरून पाण्यात नेते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मगरींच्या नरांनीही पिल्लं अशीच वाहून नेल्याची नोंद आहे. ज्या जबड्यानं म्हशीचं हाड मोडतं त्याच जबड्यात वीतभर पिल्लू. "सरपटणारे म्हणजे निर्दय, अंडी घालून मोकळे" ही कल्पना मगरीच्या बाबतीत तरी काढून टाका.

आता पेव. मोडू नका म्हणालात, पण मोडावं लागेल. अंडं कवचातून श्वास घेतं. पेवात हळद टिकते ती आत हवा खेळत नाही म्हणूनच. अंडी गुदमरतील.

---

हळद_अडत (हरिपूर) | रविवार, दुपारी २:०२

बाईंचं बरोबर आहे. पेव उघडल्याउघडल्या माणूससुद्धा उतरत नाही. आधी तोंड उघडून वारं खेळू द्यायचं, मग कंदील सोडून बघायचं, विझला तर खाली जायचं नाही. आमच्या आज्यानं हे डोक्यात ठोकून बसवलं होतं.

आणि नदीकाठची पेवं म्हणजे पुराला आमंत्रण. २००५ च्या पुरात हरिपुरातली बरीच पेवं हळदीसकट गेली. डोहकर इतके पिढ्यान् पिढ्या नदीत राहणारे, ते एवढं बावळट काम करतील का?

पण पेव टाकून देऊ नका. दुसऱ्या कशाला तरी वापरा.

---

कृष्णाकाठी_फासे | रविवार, रात्री १०:२०

दुपारी थोडा वेळ तोंड पाडून बसलो होतो. आता बोलतो.

पेवाचा दुसरा उपयोग सापडला. मगर कडक उन्हाळ्यात आणि थंडीत काठाला बीळ खोदून आत पडून राहते. गारव्यात तिचं सगळंच मंदावतं, खाणं जवळपास थांबतं. मग डोहकरांचा तुरुंग म्हणजे पेव. वाऱ्याला भोक ठेवलेलं, उंचावर खोदलेलं. आरोपीला गारव्यात उतरवायचं, तो सुस्तावतो, आणि पंच जमेपर्यंत, पूर ओसरेपर्यंत, साक्षीदार परत येईपर्यंत दोन महिने गेले तरी हरकत नाही. भाकरीचा खर्च नाही. त्यांच्या भाषेत 'गार केला' म्हणजे अटक केली.

खेळाडूंपैकी एखादा माणूस पकडला गेला तर? पंचांना कळतच नाही की हा रोज दोनदा जेवायला का मागतोय.

---

वीसचा_फासा | रविवार, रात्री १०:३१

आणि चहा.

---

पठारी_वारा (सातारा) | सोमवार, सकाळी ७:०५

मगरी तुमच्या, सरडे आमचे. चाळकेवाडीच्या पठारावर कधी उन्हाळ्यात या. पवनचक्क्यांच्या खाली दगडादगडावर एकेक नर उभा असतो आणि गळ्याचा पंखा उघडमिट करत असतो. निळा, काळा, केशरी. एवढासा जीव, पण मिजास बघावी. ह्या जातीचं शास्त्रीय नाव 'सरडा सुपर्बा'. २०१६ साली नवी प्रजाती (जीनस) म्हणून वर्णन झालं तेव्हा प्रजातीलाच आपला मराठी शब्द दिला. लॅटिन नावात 'सरडा' वाचून मी एकटाच हसलो होतो.

तुमच्या कामाची गोष्ट पुढं आहे. याच पठारावर पवनचक्क्यांचा काय परिणाम होतो याचा अभ्यास झाला, २०१८ साली छापून आला. जिथं पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी. साहजिकच सरडे जास्त. पण नुसते जास्त नाहीत, वेगळे. त्यांच्या रक्तात तणावाचं संप्रेरक कमी, माणूस बराच जवळ गेला तरी पळत नाहीत, आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके.

एकच जात, एकच पठार, डोक्यावरचा ससाणा गेला आणि स्वभाव बदलला, रंगसुद्धा.

जमात रचताना लोक काय करतात, "सरडेमाणसं भित्री असतात" असं एका ओळीत लिहून टाकतात. अख्ख्या जमातीचा एकच स्वभाव. त्यापेक्षा विचारा की ह्यांना कोण खातं? माझ्या डोक्यात दोन गावं आहेत. एका पठारावर गरुडसिंह घिरट्या घालतात. तिथले लोक सावली पडली की बोलता बोलता गप्प होतात, लग्नात पुरुष गळा उघडतो ते एका श्वासापुरतं, पण रंग असा की डोळे दिपावेत. दुसऱ्या पठारावर शंभर वर्षांपूर्वी कुणा जादूगारानं आकाशावर जाळं टाकलं. तिथं गर्दी, भांडणं, पाहुण्याच्या अंगाला अंग लावून बसणं, आणि गळे फिके. पहिले दुसऱ्यांना 'उडालेले' म्हणतात, रंग उडालेले. दुसरे पहिल्यांना 'दचके'. सोयरीक होत नाही.

आणि मग एक दिवस जाळं फाटतं.

---

गुळव्या | सोमवार, सकाळी ७:४०

अंगावर काटा आला राव. शेवटची वळ वाचून.

---

बेडकाचं_डिसेक्शन | सोमवार, सकाळी ११:२८

छान लिहिलंत. ह्यांना धावायला लावणार असाल तर एक सांगते.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण कुवतीबद्दल वापरतो, पण ती शब्दशः खरी आहे. सरडा धावतो तेव्हा त्याचं अंग डावीकडे-उजवीकडे वळतं. त्याच स्नायूंनी श्वास घ्यायचा आणि त्याच स्नायूंनी अंग वळवायचं, दोन्ही एकदम नीट जमत नाही. म्हणून झपाट्यानं पळायचं, थांबायचं, धाप टाकायची. घोरपडीच्या कुळानं यावर तोड काढली आहे. ती गळ्याचा भाता चालवून हवा आत ढकलते, म्हणून तिचा दम टिकतो.

दोन पायांवर उभं राहिलं की ही अडचण बरीच कमी होते. पण मग दुसरा खड्डा. १९८२ साली डेल रसेल नावाच्या जीवाश्मतज्ज्ञानं कॅनडात एक पुतळा करवून घेतला. डायनोसॉर मेले नसते तर त्यांच्यातला एखादा हुशार प्राणी आज कसा दिसला असता, अशी कल्पना. पुतळा दिसतो कसा? सपाट चेहऱ्याचा, बिनशेपटीचा, ताठ उभा माणूस, फक्त डोळे मोठे. टीका झाली ती हीच, की बुद्धी आली म्हणजे आपल्यासारखंच दिसलं पाहिजे हे कुणी ठरवलं? डोहकरांना शेपूट ठेवा, लांब तोंड ठेवा, पुढं झुकलेली चाल ठेवा. मगर पोट उचलून चारी पायांवर चांगली चालते, पाणी आटलं की दुसरं पाणी शोधत जमिनीवरून जाते. गर्दीच्या वेळी तुमचा डोहकर खुशाल हात टेकून चालू दे, त्यात त्याला कसली लाज?

आणि हो, चित्रं काढणाऱ्यांसाठी: ह्यांच्या बायकांना छाती नसते. दूध पाजत नाहीत. एवढ्यावर थांबते.

---

वीसचा_फासा | सोमवार, सकाळी ११:४५

नियम म्हणून: पठारकरांना लढाईत पहिल्या दोन फेऱ्या दुप्पट वेग, तिसऱ्या फेरीला थांबायचंच. घोरपडवाल्यांना हा नियम नाही, पण वेगही दुप्पट नाही. घोरपड म्हटल्यावर आता कुणीतरी तानाजी आणणार.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा) | सोमवार, दुपारी ४:५०

आणतोच. सिंहगडावरच्या घोरपडीला समकालीन पुरावा नाही, तो विषय संपला. पण गोष्ट का टिकली बघा. घोरपड फटीत शिरून अंग फुगवते आणि नखं रोवते, ओढून निघत नाही. हे पाहिलेल्या माणसांनीच ती गोष्ट मानली. दंतकथा अशा खऱ्या सवयीच्या खुंटीला टांगलेल्या असल्या की पटतात.

मला वेढ्याबद्दल बोलायचंय. औरंगजेबानं डिसेंबर १६९९ मध्ये साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला, प्रयागजी प्रभूंनी एप्रिल १७०० पर्यंत किल्ला लढवला. किल्ल्यावर दाणागोटा किती आहे यावर कुठलाही वेढा ठरतो. आता शिबंदी डोहकरांची समजा. थंड रक्ताच्या प्राण्याला त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानानं दहाव्या हिश्श्याच्या आसपास अन्न पुरतं. वेढा घालणारे उपाशी मरतील, वरचे हलणार नाहीत. मात्र पहाटे हल्ला केला तर वरचे सगळे थिजलेले. म्हणजे यांच्याविरुद्धचं सगळं युद्धशास्त्र एका प्रश्नावर येतं, सूर्य उगवायच्या आधी तटावर चढता येतं का?

---

बेडकाचं_डिसेक्शन | सोमवार, संध्याकाळी ५:३०

भर घालते. मोठं अंग सावकाश निवतं. मोठ्या पातेल्यातली आमटी आणि वाटीतली आमटी आठवा. मगरीचं अंग कित्येक वर्षं वाढत राहतं, पुढं पुढं वेग कमी होतो. म्हणजे जो सर्वांत म्हातारा तो सर्वांत मोठा, आणि रात्री उशिरापर्यंत जागा राहू शकणारा तोच. पहारा पोरांकडे नाही, आज्यांकडे.

---

अजिंक्यतारा_पायथा | सोमवार, संध्याकाळी ५:४१

तटावर पहाटे चारला साडेतेरा फुटी आजी. नको रे बाबा.

---

रात्रपाळी (सातारा) | सोमवार, रात्री १:१२

सगळा धागा वाचला, आवडला. एक गोष्ट खुपली, ती सांगते.

खळग्याचं तापमान अर्धा अंश इकडंतिकडं करून मुलगा की मुलगी ठरवायचं, हे तुम्ही सगळे 'कसब' म्हणून लिहिताय. मी दवाखान्यात काम करते. मुलगी झाल्यावर बाहेर बाकड्यावर बसलेल्यांचे चेहरे मी बघितलेत. याच जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या मुली होत्या, २०११ साली साताऱ्यात कार्यक्रम घेऊन दोनशेहून जास्त मुलींची नावं बदलली. तुमच्या टेबलावर नर दुर्मीळ आणि म्हणून मौल्यवान झाला, तर आम्ही तेच परत खेळायचं का? खवले लावून?

खेळू नका असं म्हणत नाही. पण आपोआप आल्यासारखं आणू नका.

---

कृष्णाकाठी_फासे | मंगळवार, सकाळी ६:३५

ताई, रात्री वाचलं आणि झोप आली नाही.

खरं सांगतो, मी हे लिहिताना नर दुर्मीळ म्हणजे राजपुत्र, वारस, त्याच्यासाठी कट, असंच धरून चाललो होतो. मगरीचं अंग घेतलं आणि मन आपल्याच गल्लीतलं टाकलं. गेल्या वर्षीचीच चूक, जरा खोल जाऊन केलेली.

पडल्या पडल्या विचार केला. डोहकरांना वारस का लागेल? जमीन वाटून घ्यायची नाही, डोह सगळ्यांचा. कोणाचं अंडं कुठलं हे तीसभर अंड्यांच्या खळग्यात कळतही नाही. मग नातं आईबापावरून नको, खळग्यावरून. एका खळग्यातले ते सगळे 'खळगाळ', हेच सख्खे. ओळख करून देताना "मी अमक्याचा" नाही, "मी दगडी वळणाच्या खळग्यातला, पुराच्या सालचा". आणि नर कमी असणं ही नुसती हवेसारखी गोष्ट. एखाद्या साली सावली जास्त पडली, सगळ्या बहिणी निघाल्या, त्या सालाला 'बहिणींचं साल' म्हणतात, बास.

बाहेरची माणसं मात्र येतात आणि खळगा राखणारीला विचारतात, "पोरगा काढून देशील का?" तिला प्रश्नच कळत नाही. हा प्रसंग ठेवू का? की तोही नको?

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २:२०

हा ठेवा. तिला खरंच कळू नये, उपदेश करायला लावू नका.

---

ऱ्हस्वदीर्घ (सांगली) | मंगळवार, रात्री ९:००

सगळे जीवशास्त्रात बुडालेत, भाषेचं कोणी बघत नाही. मगरीला आपल्यासारखे हलणारे ओठ नाहीत. म्हणजे ओष्ठ्य वर्ण गेले. प, फ, ब, भ, म काहीच नाही. 'व' लाही खालचा ओठ लागतो. तेही गेलं.

त्यांना 'आई' म्हणता येईल, 'बाबा' नाही. 'सातारा', 'कराड', 'सांगली' येईल. 'मिरज' नाही, 'भिलवडी' नाही. 'हळद' येईल. 'मगर' हा शब्दसुद्धा त्यांना येणार नाही, तो आपणच त्यांना ठेवलेला. 'स्स्स' करायला लावण्यापेक्षा हे करा. डीएमनं डोहकर बोलताना ओठ हलवायचेच नाहीत. दोन मिनिटांत टेबलावर आवाज बदलतो, मी आरशासमोर करून बघितलं.

नावं सुचवतो: आघाडा, हिरडा, रिठा, जाई, तारा.

---

गुळव्या | मंगळवार, रात्री ९:१५

म्हंजे मला हाक मारायची सोयच न्हाई. 'गु' ला ओठ, 'व्या' ला ओठ.

---

ऱ्हस्वदीर्घ | मंगळवार, रात्री ९:१९

बरोबर पकडलंत, आणि तिथंच माझी पंचाईत झाली आहे. उ, ऊ, ओ, औ हे स्वरही ओठ गोल केल्याशिवाय निघत नाहीत. 'कृष्णा' आपण मराठीत 'क्रुष्णा' म्हणतो, म्हणजे नदीचं नाव गेलं. आणि 'डोहकर' मध्ये 'ओ' आहे.

---

कृष्णाकाठी_फासे | मंगळवार, रात्री ९:२३

म्हणजे माझ्या जमातीला स्वतःचं नाव उच्चारता येत नाही??

---

ऱ्हस्वदीर्घ | मंगळवार, रात्री ९:३०

'डहकर' म्हणतील. माणसांनी त्याचं 'डोहकर' केलं. किती जमातींचं असंच झालंय, शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव चिकटलेलं. नदीला ते काय म्हणतात ते मात्र तुम्ही ठरवा.

---

कृष्णाकाठी_फासे | मंगळवार, रात्री ९:४४

'आई'. ते येतंय ना.

---

हळद_अडत | बुधवार, सकाळी १०:१०

कुणी सापमाणसं आणणार असेल तर एवढंच: दरवेळी ती कपटी, विषारी, काळ्या देवळातली का असतात? आपल्याकडं बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला बायका नागाला भाऊ मानून उपवास धरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळं आणि कोर्टाच्या आदेशानं जिवंत नाग पकडून मिरवणं बंद झालं, ते योग्यच, पण भावाचं नातं कुठं गेलं नाही. सापमाणूस दारात आला तर तो दगा द्यायला आलाय की पंचमीची ओवाळणी घालायला, हे खेळाडूंना कळायला वेळ लागू दे. शिवाय सापाला पापण्या नसतात. डोळे मिटून माफी मागायची सोय नाही त्याला.

---

कृष्णाकाठी_फासे | पुढचा रविवार, रात्री ११:३०

आज खेळलो. अहवाल देतो.

पाच जण नावेनं डोहकरांच्या घाटावर उतरले. सकाळची वेळ. पायरीवर एक पहारेकरी आडवा, जबडा सताड उघडा, हलत नाही. मी वर्णन एवढंच केलं. मगर ऊन खाताना तोंड उघडं ठेवते, त्यात राग नसतो, हे मला माहीत, त्यांना नाही. आमच्या लढवय्यानं तलवार काढली. फासा वीस आला, सर्वांत मोठा आकडा.

त्यानं हिरडा नावाच्या आजीचा पंजा तोडला. ती ऊन खात होती.

मग लढाई झालीच नाही. चारी बाजूंनी डोहकर आले, तेही सावकाश, कारण अजून कोमट होते, आणि त्यांच्या त्या बिनओठाच्या बोलीत एकच विचारत राहिले, "का?" (ओठ न हलवता बोलून माझा जबडा दुखतोय.) लढवय्याला गार केला. पेवात उतरवला. पंच पूर ओसरल्यावर बसणार. बाकीचे चौघे त्याला रोज भाकरी सोडतात आणि वर डोहकर पोरं जमून मोजतात, आज किती वेळा जेवला. त्यांच्यात त्याचं नाव पडलंय 'सारखा खातो'.

ज्यानं गेल्या वर्षी दरोडेखोर म्हटलं होतं तोच हा लढवय्या. सेशन संपल्यावर जिन्यात थांबून म्हणाला, "आजीला काहीतरी नेऊन द्यायला हवं. पण तिला काय आवडत असेल?"

तर मंडळी, काय न्यावं?

---

गुळव्या | रविवार, रात्री ११:३८

चिपाडं. वाळल्याली. गाडीभर.

---

बेडकाचं_डिसेक्शन | सोमवार, सकाळी ७:००

आणि उन्हातली पायरी रिकामी करून द्या म्हणावं तिला.

---

ऱ्हस्वदीर्घ | सोमवार, सकाळी ७:१२

'सारखा खातो' मध्ये 'ओ' आहे. पोरं 'सारखं खाणारा' म्हणतील. पुढच्या रविवारी दुरुस्त करा.